मूत्राशयातला निरोप्या

मार्च सरला की वाटूर-परतूर भागात ऊन असं तापतं की घरोघर कुणाला तरी उन्हाळी लागते. लघवीला जळजळ होते, घडीघडीला जावंसं वाटतं. धण्याचं पाणी, सब्जा घेऊन दोन दिवसांत बरं वाटलं तर ठीकच. जंतुसंसर्ग असेल तर लघवी तपासून औषध घेतलं की तो आटोक्यात येतो. पण काही बायकांच्या तपासणीत जंतूच सापडत नाहीत, दुखणं मात्र महिनोन्‌महिने सुटत नाही. मग घरचे म्हणतात, ‘रिपोर्ट तर चांगला आहे, तुझ्या मनाचेच खेळ.’ हे खरं आहे का?

उत्तरासाठी जरा मिरचीकडे वळू. आपल्याच जिल्ह्यात पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा मोठा बाजार भरतो. मिरची हाताळली की हात भगभगतात, नाक-डोळे वाहू लागतात. तिथे ना जंतू असतो, ना जखम. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूंची टोकं चेतवतं. असा चेतवलेला मज्जातंतू मेंदूला ‘आग होतेय’ असं कळवतो, शिवाय आपल्या टोकाशी काही रसायनंही सोडतो.

त्यातलंच एक ‘सबस्टन्स पी’. फॉन ऑयलर आणि गॅडम या शास्त्रज्ञांना ते 1931 साली घोड्याच्या आतड्यात आणि मेंदूत आढळलं. अवघ्या 11 अमिनो आम्लांची ही साखळी म्हणजे शरीरातला निरोप्याच. मूत्राशयाच्या भिंतीत त्याचा निरोप पोचला की बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, सूज येते. शेजारच्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात आणि हिस्टामिन मज्जातंतूंना पुन्हा डिवचतं. असं हे रहाटगाडगं फिरत राहतं.

निरोप घेणारं दारच नसेल तर? सन 2000 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे उंदरांवर पाहिलं. ॲलर्जी निर्माण करून साध्या उंदरांच्या मूत्राशयाला सूज आणली. ज्या उंदरांत सबस्टन्स पी स्वीकारणारा ‘एनके-1’ हा ग्राहीच जन्मतः नव्हता, त्यांच्यात तसा दाह झाला नाही.

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. हाच ग्राही अडवणारं अ‍ॅप्रेपिटंट हे औषध 2003 मध्ये अमेरिकेत केमोथेरपीनंतरच्या उलट्यांसाठी मान्य झालं. नैराश्यावर मात्र, मोठी आशा असूनही, ते चाचण्यांत टिकलं नाही. मूत्राशयाच्या या चिवट दुखण्यावरही तो रूढ उपाय झालेला नाही.

मग या प्रयोगांनी आपल्याला काय दिलं? जंतूवाचूनही मूत्राशयाचा दाह होऊ शकतो, एवढं पक्कं कळलं. ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ नावाच्या विकारात काही रुग्णांच्या मूत्राशयात मास्ट पेशी वाढलेल्या आढळतात. म्हणून तपासणी न करता प्रतिजैविकांच्या गोळ्या पुन्हा पुन्हा घेऊ नका. मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवा. ताप, कंबरदुखी किंवा लघवीतून रक्त असेल तर एक दिवसही थांबू नका. आणि घरातली बाई जळजळ होते म्हणाली, तर रिपोर्ट कोरा आला तरी तिचं दुखणं खोटं समजू नका.