उकिरड्याचे पांग फिटायला बारा वर्षं कशाला?

'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात,' असं आपल्या आज्या-पणज्या म्हणायच्या. उकिरडा म्हणजे नको असलेल्या गोष्टींची जागा, पण त्या बायकांना त्याची किंमत पक्की ठाऊक होती. गोठ्यातला केर, शेण, भाजीची देठं, चुलीतली राख, अंगणातला पालापाचोळा असं सगळं परसातल्या खड्ड्यात पडायचं. मृगाच्या आधी तेच गाडीत भरून शेतात जायचं. त्या उकिरड्यात प्लॅस्टिकची पिशवी नव्हती, दाढीचं ब्लेड नव्हतं, घड्याळातला संपलेला सेल नव्हता. म्हणूनच त्याचं खत व्हायचं.

आता तालुक्याच्या गावालाही परसदार राहिलेलं नाही. सकाळी घंटा वाजते (हल्ली घंटेऐवजी गाणं वाजतं), आपण हातातलं लाटणं टाकून बादली घेऊन धावतो. बादली गाडीत रिकामी झाली की आपण सुटलो! पण मैत्रिणींनो, ती बादली पुढे जाते कुठे, हे आपल्यापैकी किती जणींनी पाहिलंय?

मी पाहिलं. आमच्या गावाबाहेरच्या कचरा डेपोवर मुद्दाम एक सकाळ काढली. नाकाला पदर लावूनही उभं राहवेना. दुधाच्या पिशव्या, भात, लहान मुलांचे डायपर, नारळाच्या शेंड्या, फुटलेल्या काचा, सगळं एकात एक. त्या ढिगावर दोन गाई चरत होत्या. चरत म्हणजे काय, पिशवीत गाठ मारून टाकलेली भाजीपोळी पिशवीसकट गिळत होत्या. अन्न पचतं, पिशवी पोटात साठत जाते. गाईला घास दिल्याशिवाय न जेवणारी आपली घरं, आणि तिला हा असला घास आपणच घालतो!

आमच्या भागातल्या गाडीवर एक मावशी असतात. चालत्या गाडीत उभ्या राहून त्या हातांनी कचरा निवडतात. पुठ्ठा, बाटल्या, पत्र्याचे डबे विकून चार पैसे मिळतात ना! हातमोजे मिळाले तरी आठवड्यात फाटतात. ''ताई, बाकी काही नाही, पण फुटलेला ग्लास ओल्यात टाकू नका. वर भात दिसतो, आत काच असते,'' एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या तळहातावरचे वण बघितल्यावर मला दुसरं काही विचारावंसं वाटलं नाही.

कायद्यामागची एक बाई

'ओला कचरा, सुका कचरा' हे शब्द आपण नगरपालिकेच्या भोंग्यावरून ऐकतो, तेव्हा वाटतं, हे साहेबलोकांचं काहीतरी नवीन खूळ. पण या शब्दांमागे एक बाई आहे. तिचं नाव अल्मित्रा पटेल. अमेरिकेतल्या एमआयटीसारख्या संस्थेतून त्या काळी इंजिनिअर झालेल्या अल्मित्राबाईंनी शहरांच्या कचऱ्याचा प्रश्न घेऊन १९९६ साली सुप्रीम कोर्टात जनहित याचिका दाखल केली. त्या लढ्यातूनच २००० साली देशात घनकचऱ्याचे पहिले नियम आले. २०१६ साली ते आणखी कडक झाले आणि ओला, सुका व घातक असं वर्गीकरण घरातच करणं बंधनकारक झालं. २०२६ च्या नव्या नियमांत तर चार भाग आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. म्हणजे नगरपालिका आपल्यावर उपकार म्हणून गाडी पाठवत नाही, आणि आपणही वेगळं करून देतो ते उपकार म्हणून नाही. दोघांचंही ते कर्तव्यच आहे.

घाण वास येतो कशाने?

आमच्या घरात पाच माणसं. मी आठवडाभर तराजू घेऊन बसले. ओला कचरा रोज पाऊण ते एक किलो, आणि सुका जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम! गावोगावच्या कचऱ्याचंही असंच आहे, निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वजन ओल्याचंच असतं. म्हणजे फक्त स्वयंपाकघर आणि अंगण नीट सांभाळलं, तरी डेपोचा निम्मा भार उतरला.

ओल्या कचऱ्याला हवा मिळाली तर तो कुजतो आणि त्याचं खत होतं. हवा कोंडली तर तो सडतो. घाण वास येतो तो या सडण्याचा. पिशवीला गाठ मारली की हवा कोंडली. डेपोवर वीस फुटांचा ढीग रचला की तिथेही हवा कोंडली. त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरणी तापवतो, आणि पेटतोही. मुंबईच्या देवनारच्या डेपोला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग आठवते? दिवसेंदिवस धुमसत होती, शाळांना सुटी द्यावी लागली होती. त्या धुरात आपल्यासारख्याच कुणाकुणाच्या स्वयंपाकघरातला भातही जळत होता.

कुठल्या बादलीत काय?

हिरव्या बादलीत ओलं : साली, देठं, चहाचा चोथा, उरलंसुरलं अन्न, अंड्याची टरफलं, मटणाची हाडं, देवाचं निर्माल्य. निर्माल्याचा दोरा आणि प्लॅस्टिकची फुलं मात्र काढायची. निळ्या बादलीत सुकं : कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा, चपला, चिंध्या. दुधाची पिशवी विसळून सुकवली तर भंगारवाला घेतो, खरकटी असेल तर कुणीच घेत नाही. कापताना पिशवीचा कोपरा तोडून टाकू नका, तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही. केर काढल्यावर निघणारी धूळ आणि केस सुक्यात. नारळाची शेंडी आणि आंब्याच्या कोयी कुजायला फार वेळ घेतात, त्या पालापाचोळ्याबरोबर वेगळ्या दिल्या तर बऱ्या.

आता जरा अवघड विषय. सॅनिटरी पॅड. आपण ते काळ्या पिशवीत घालतो आणि हळूच कचऱ्यात सरकवतो. पण कचरा निवडणारी ती पिशवी उघडते, कारण आत काय आहे हे तिला कळत नाही. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने यावर साधा उपाय काढला. पॅड कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला की हात लावायचा नाही. पोरीची टिकली असो की लाल स्केचपेन, काहीही चालतं. एका बाईने दुसऱ्या बाईला न बोलता दिलेला तो निरोप असतो.

पालापाचोळा जाळू नका

माघ-फाल्गुनात बदाम, पिंपळ, जांभूळ अंगणभर पानं टाकतात. झाडून ढीग करायचा आणि काडी लावायची, ही आपली जुनी सवय. पण त्या धुराने शेजारच्या दमेकरी आजोबांचा जीव घुसमटतो. अल्मित्राबाईंच्याच प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली आणि साध्या जाळण्याला ५ हजार रुपये दंड ठरवला.

आणि दंडाचं सोडा हो, पानं जाळणं म्हणजे घरचं सोनं जाळणं! खत करताना ओल्याला सुक्याची जोड लागतेच. स्वयंपाकघरातल्या ओल्यात नत्र आणि पाणी जास्त, वाळल्या पानांत कर्ब जास्त. दोन्ही थरावर थर दिले तरच हवा खेळते. विदर्भातल्या ना. दे. पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. विटांचं दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाकं, भिंतीला हवेसाठी भोकं, आणि थोड्याशा शेणात पालापाचोळ्याचं भरपूर खत! शेतकऱ्यांसाठी काढलेली ही युक्ती शाळेच्या मैदानाला आणि सोसायटीलाही चालते.

घरातल्या घरात करायचं तर जुन्या बादलीला किंवा माठाला चहूबाजूंनी भोकं पाडा. तळाला वाळकी पानं, वर दिवसाचा ओला कचरा बारीक करून, पुन्हा मूठभर पानं. सुरुवातीला थोडं जुनं खत किंवा आंबट ताक घालायचं. आठवड्यातून दोनदा हलवायचं. वास आला तर ओलं जास्त झालंय, पानं वाढवा. मुंग्या आल्या तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं खत हातात येतं. शंभर किलोंचं वीस-पंचवीस किलो होतं. उकिरड्याचे पांग फिटायला बारा वर्षं कशाला हवीत?

'वेगळा देऊन उपयोग काय?'

हा प्रश्न मला प्रत्येक हळदीकुंकवात भेटतो, आणि तो खोटा नाही. आमच्या गल्लीतल्या चौदा घरांनी दोन महिने इमाने-इतबारे ओलं-सुकं वेगळं दिलं. गाडीत मात्र एकच खण! दोन्ही बादल्या आमच्या डोळ्यांदेखत एकात एक पडायच्या. सासूबाईंनी तिसऱ्याच दिवशी टोमणा मारला, ''गंगेत घोडं न्हालं तुमचं!''

आम्ही बायका भांडलो नाही. गाडीवरच्या माणसांशी भांडून तर काहीच उपयोग नव्हता, मिळेल त्या गाडीत ते काम करतात. आम्ही सह्यांचं निवेदन लिहिलं आणि सहा जणी पालिकेत गेलो. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा 'निधी नाही' असं ऐकलं. तिसऱ्यांदा आमच्यातली एक जण म्हणाली, ''साहेब, निधी नको, मधे एक पत्रा तरी लावा.'' पत्रा लागायला पाच महिने लागले. आज आमच्या भागात येणाऱ्या गाडीला दोन खण आहेत. बाकीच्या गाड्यांना अजून नाहीत. डेपोवर खताचा खड्डा व्हावा, हे निवेदन अजून फायलीतच आहे.

मोठं शहर लागतं, मोठा पैसा लागतो, असंही नाही. आपल्या कोकणातल्या वेंगुर्ले नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना डेपोची जागा अशी पालटली की लोक ती बघायला जाऊ लागले. ओल्यापासून बायोगॅस आणि खत, सुक्याचे कितीतरी वेगवेगळे भाग. छत्तीसगडमधल्या अंबिकापूरची गोष्ट तर आपल्या बचत गटांनी मुद्दाम ऐकावी अशी. तिथे २०१५ पासून गटांच्या चारशेहून अधिक बायका घरोघरी जाऊन कचरा गोळा करतात, केंद्रात निवडतात, विकतात, आणि त्यावर संसार चालवतात. जुन्या डेपोच्या जागी बाग झाली. आपल्याकडेही पालिकेने केलेलं खत 'हरित महासिटी कंपोस्ट' या नावाने विकायची सोय राज्य सरकारने केलेली आहे. म्हणजे गिऱ्हाईक आहे, नावही आहे. हवा आहे तो स्वच्छ, न मिसळलेला ओला कचरा. आणि तो फक्त आपल्याच स्वयंपाकघरातून निघू शकतो.

एक मात्र स्पष्ट बोलते. 'वर्गीकरण करा भगिनींनो' अशी भाषणं ऐकली की माझा पारा चढतो. कचरा काय फक्त भगिनी करतात? केळ्याची साल टाकताना कुठली बादली, एवढं घरातल्या पुरुषाला आणि बारा वर्षांच्या मुलालाही कळतं. आमच्या फ्रीजवर यादी चिकटवली आहे आणि गाडीला बादली न्यायची पाळी वाटून दिली आहे. रविवारची पाळी घरातल्या कर्त्या पुरुषाची. पहिले दोन रविवार कुरकुर झाली, आता खणात काय चुकीचं पडलं हे तेच मला सांगतात!

तेव्हा या आठवड्यात तीन गोष्टी करून बघा. ओलं पिशवीत बांधणं बंद करा, काच कागदात गुंडाळून वेगळी द्या, आणि आपल्या दारच्या गाडीला दोन खण आहेत का, तेवढं बघा. नसतील तर शेजारच्या चार जणींना गोळा करा आणि निवेदन लिहा. साहेब पहिल्यांदा भेटणार नाहीत, हे धरूनच चला. पत्रा मात्र लागतो!