चालती-फिरती यंत्रं (लेखांक ७) : पालीचं पाऊल

मागच्या आठवड्यात आपण धावणारी यंत्रं पाहिली. आज भिंत चढायची आहे, आणि त्यासाठीचा गुरू आपल्या ट्यूबलाइटमागेच दडून बसलेला असतो.

रात्री खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल दिसली तर तिला हुसकावू नका. दिवा चालू ठेवा आणि आतून तिची पावलं पाहा. बोटांच्या तळाशी आडव्या पट्ट्या दिसतील. पाय उचलताना बोटं आधी टोकाकडून उलटी वळतात, चिकटपट्टी सोलावी तशी, आणि मगच पाऊल सुटतं. हे इतक्या झटपट होतं की दोन-चार पावलं डोळे लावून बसावं लागतं.

त्या पट्ट्यांवर सूक्ष्म केस असतात. टोके जातीच्या मोठ्या पालीच्या एकेका पावलावर सुमारे ५ लाख. जाडी आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी, आणि प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे. तिथे डिंक नाही. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एकट्या केसाचा जोर मोजला आणि २००२ मध्ये दाखवून दिलं, की ही पकड मुख्यतः व्हॅन डर वाल्स बलाची आहे. दोन पृष्ठभाग अगदी लगत आले की त्यांच्या रेणूंमध्ये जी हलकी ओढ निर्माण होते, ती ही. एका केसाची ओढ क्षुल्लक, पण लाखोंची मिळून पाल तोलली जाते.

मला मात्र तिच्या चिकटण्याहून सुटण्याचं नवल जास्त वाटतं. घट्ट चिकटणारा डिंक कोणत्याही दुकानात मिळतो. चिकटलेलं पाऊल पुढच्याच क्षणी जोर न लावता सोडवायचं कसं? पालीचे केस तिरके असतात. पाय खालच्या दिशेने ताणला गेला की ते धरतात आणि भिंतीशी त्यांचा कोन ३० अंशांच्या वर गेला की आपोआप सुटतात.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क कटकॉस्की यांच्या प्रयोगशाळेत सांगबे किम यांनी हेच सूत्र धरून २००६ मध्ये ‘स्टिकीबॉट’ घडवला. तळव्यांना पॉलियुरेथेनचे तिरके केस, आणि बोटांतून ओवलेली तार. तार ओढली की बोटं पालीसारखीच उलटी वळतात. सेकंदाला ४ सेंटिमीटर वेगाने तो काच चढायचा. त्याचे केस पालीच्या केसांपेक्षा कितीतरी जाड, म्हणून गुळगुळीत पृष्ठभागच हवा. खडबडीत विटांसाठी त्याच प्रयोगशाळेने ‘स्पायनीबॉट’ केला, तो बारीक काट्यांनी भिंतीतल्या खाचा धरतो. तानाजीच्या दंतकथेतली घोरपड आठवली ना? तीही नखांनीच कडा धरते. केसांची करामत पालीची.

पुढे २०१४ मध्ये याच प्रयोगशाळेतला ७० किलोचा माणूस उभी काच चढला. दोन्ही हातांत एकेक पट्टी, प्रत्येकीवर पोस्टाच्या तिकिटाएवढे २४ तुकडे. भार दिला की पट्टी काच धरायची. हात पुढे न्यायचा तर तिच्यावरचं वजन काढायचं, एवढंच.