कल्पनेचें यान आणि खरा हिशेब

आमच्या सोलापुरांत उन्हाळ्याच्या सुटींतील दुपार म्हणजे दारें-खिडक्या लावून घरांत बसण्याची वेळ. अशाच एका दुपारीं घरांतील मुलें माजघरांत जमून एक विज्ञानकथा रचीत होतीं. कथेंतील यान सोलापुराहून निघून चार दिवसांत शेजारच्या ताऱ्यावर पोंचलें, तेव्हां झोपाळ्यावर बसलेले आमचे वृद्ध चुलते अण्णा सहज म्हणाले, "अरे, यानास जळण कोणतें? आणि प्यावयास पाणी किती घेतलेंत?" मुलें गोंधळलीं. "अहो अण्णा, ही नुसती गोष्ट आहे!" असें धाकट्यानें उत्तर दिलें. "गोष्ट खोटी असावी, हिशेब खोटा नसावा," एवढें बोलून अण्णांनीं झोपाळ्यास झोंका दिला. या एका वाक्यावर आम्हीं पुष्कळ विचार केला. तोच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

असा खरा हिशेब मांडणाऱ्या मराठी लेखकांत डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेसाठीं १९७४ सालीं त्यांनीं 'कृष्णविवर' ही कथा पाठविली. आपल्या नांवलौकिकाचें दडपण परीक्षकांवर पडूं नये म्हणून त्यांनीं 'नारायण विनायक जगताप' हें टोपणनांव घेतलें, आणि हस्ताक्षर ओळखूं येऊं नये यास्तव कथेची प्रत पत्नी सौ. मंगलाबाईंकडून लिहवून घेतली. कथेस पहिलें पारितोषिक मिळालें. पुढें १९७५ सालीं कऱ्हाडच्या साहित्य-संमेलनांत अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं त्यांच्या विज्ञानकथेचा गौरवानें उल्लेख केला. गुरुत्वाकर्षण जेथें अतिप्रबळ, तेथें काळ मंदावतो, या सिद्धान्तावर ती कथा उभी आहे. लेखकानें यान कल्पिलें, परंतु घड्याळ मात्र आइन्स्टाइनचें ठेवलें, हेंच तिचें मर्म होय.

आतां आमच्या मुलांचें यान पाहूं. सूर्यास सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षें दूर आहे. १९७७ सालीं निघालेलें 'व्हॉयेजर-१' हें यान सेकंदास सुमारें १७ किलोमीटर वेगानें सूर्यापासून दूर चाललें आहे. त्या वेगानें हें अंतर तोडावयास सुमारें ७५,००० वर्षें लागतील. म्हणजे चार दिवसांचा प्रवास हा पुष्पक विमानाचा झाला, यंत्राचा नव्हे. कथाकारास एखादा अज्ञात नियम कल्पिण्याची मुभा आहे; तथापि ती एकदांच घ्यावी, आरंभींच घ्यावी, आणि पुढील सर्व गोष्टी त्या नियमास धरून घडवाव्या, असें आमचें मत आहे.

जळणाचा प्रश्न तर आमच्या मागांच्या गांवास शोभेल अशा रीतीनें सुटण्यासारखा आहे. जपाननें २०१० सालीं 'इकारोस' नांवाचें यान सोडलें. त्यास १४ मीटर बाजूचें चौकोनी शीड होतें, आणि त्याची जाडी अवघी ७.५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारें दहावा हिस्सा. सूर्यप्रकाशाच्या दाबानेंच तें यान ढकललें गेलें. हा दाब मात्र फार थोडा. पृथ्वीइतक्या अंतरावर एक चौरस किलोमीटरचें आरशासारखें शीड उभारलें, तरी त्यावर सुमारें नऊशें ग्रॅम वजनाएवढाच जोर पडेल. परंतु तो रात्रंदिवस पडत राहील, आणि जळणाचा कण खर्चावा लागणार नाहीं. सूर्य दुरावला, कीं हा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. पुढें काय, याची योजना कथाकारानें केलीच पाहिजे.

यानांत पाय जमिनीस टेकावे अशी इच्छा असेल, तर यान चक्राप्रमाणें फिरवावें. मिनिटास दोन फेरे होत असल्यास चक्राची त्रिज्या सुमारें २२४ मीटर हवी. म्हणजे पृथ्वीवरील वजन भासेल. पाण्याचें म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय अंतराळ-स्थानकावर २०२३ सालीं सांडपाणी, घाम व मूत्र यांतील सुमारें ९८ टक्के पाणी शुद्ध करून परत मिळविण्यांत यश आलें. उन्हाळ्यांत हंडा-हंडा जपणाऱ्या सोलापूरच्या गृहिणीस या विद्येचें मोल सांगावयास नकोच.

कोणी म्हणेल, कल्पित कथेसाठीं एवढा खटाटोप कशास? याचें उत्तरही १९७४ सालींच मिळतें. प्राचीन म्हणून मिरविल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची तपासणी त्या वर्षीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील विद्वानांनीं प्रसिद्ध केली. ग्रंथ विसाव्या शतकांतील असून त्यांतील विमानें उडण्याजोगीं नाहींत, असा त्यांचा निष्कर्ष होता. एकाच वर्षीं दोन कल्पनांची परीक्षा झाली. एकीनें आपण कल्पना असल्याचें उघड सांगितलें आणि हिशेब चोख ठेवला. दुसरी सत्याचें सोंग घेऊन आली आणि हिशेबांत फसली. पूर्वजांचा खरा मान कोणत्या मार्गानें राहतो, हें सुज्ञ घरांस वेगळें सांगणें नलगे. आपलीं मुलें यांपैकीं कोणती रीत उचलतात, याची मात्र वडीलधाऱ्यांनीं काळजी वाहिली पाहिजे.

असो. मुलांनीं कथा पुन्हां लिहिली. प्रकाशाच्या एक-दशांश वेगाचें यंत्र तेवढें त्यांनीं कल्पिलें. तरी प्रवासास बेचाळीस वर्षांवर काळ लागणार असें ठरलें. तेव्हां एक सबंध एकत्र कुटुंबच यानांत बसविणें भाग पडलें. तरुण निघतील ते वृद्ध होऊन पोंचतील, आणि नातवंडें वाटेंतच जन्मतील. अण्णांनीं सर्व ऐकून घेतलें व विचारलें, "आणि सोलापुरास परत कोण येणार?" मुलें बराच वेळ गप्प बसलीं. मग धाकट्यानें वहीचें नवें पान उलटलें आणि तेथूनच कथेस आरंभ केला.