प्रवेशाच्या अटी आणि नाशिक : आजीवन शिक्षणाचा मागोवा

शाळा-महाविद्यालयाचे वय उलटल्यावरही माणसाला शिकत राहण्याची सोय असणे म्हणजे आजीवन शिक्षण, आणि जात, वय, मिळकत, स्त्रीपण किंवा अपंगत्व यांपैकी कशामुळेही ती सोय नाकारली न जाणे म्हणजे त्या शिक्षणाची सर्वसमावेशकता. नाशिकच्या बाबतीत या दोन्हींचा विचार करताना शहरात संस्था किती झाल्या यापेक्षा प्रवेशाची कोणती अट केव्हा सुटली, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

१८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, नाशिककरांच्या बोलण्यातले ‘सावाना’, हे महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक असले, तरी त्याचा लाभ प्रारंभी साक्षर आणि सुस्थितीतील थोड्यांनाच घेता येणे, हे त्या काळाच्या समाजरचनेला धरूनच होते. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचे कार्य सुरू झाले आणि उदोजी मराठा वसतिगृहामुळे खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला शहरात राहून शिकता येऊ लागले. गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात, मे महिन्यात भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेने तर शुल्काची आणि प्रमाणपत्राची दोन्ही बंधने दूर ठेवली. व्याख्यान ऐकण्यासाठी श्रोत्याला साक्षर असण्याचीही गरज नसते, हे तिचे मोठेपण क्वचितच नोंदवले जाते. मात्र याच गोदाकाठी २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला, हे विसरून नाशिकच्या सार्वजनिक जीवनाचे खुलेपण मोजता येणार नाही.

सर्वांत मूलगामी बदल घडला तो १९८९ मध्ये. त्या वर्षी स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नाशिकजवळच्या गोवर्धन शिवारातून, पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांच्या मार्गदर्शनाखाली, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन काम आरंभले. मुक्त शिक्षण याचा अर्थ शिक्षणाचे ठिकाण, वेळ आणि पूर्वपात्रता यांचे बंधन शक्य तितके सैल करणे. त्यासाठी विद्यार्थ्याने शिक्षकाविना वाचून समजून घ्यावीत अशी स्वयं-अध्ययनाची पुस्तके मराठीत तयार करण्यात आली, ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडण्यात आली आणि नोकरदारांना जमेल अशा बेताने संपर्कसत्रे, म्हणजे प्रत्यक्ष मार्गदर्शनाचे वर्ग, ठेवण्यात आले. बारावी न झालेल्या प्रौढांसाठीच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमाने तर अर्धवट सुटलेल्या शाळेचा डाग पुसून पदवीचा मार्ग दाखवला. लग्नामुळे शिक्षण तुटलेली गृहिणी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कामगार आणि नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातील बंदी हे सारे एकाच विद्यापीठाचे विद्यार्थी होऊ शकले, ही या शहराने महाराष्ट्राला दिलेली फार मोठी देणगी होय. फळबागा आणि भाजीपाला यांवरील कृषी शिक्षणक्रमांमुळे शेतकऱ्यालाही आपल्याच व्यवसायाचा विद्यार्थी होता आले.

पुढे २००९ मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या छत्राखाली विनायक रानडे यांनी सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने ग्रंथालयापर्यंत येण्याची अटही काढून टाकली. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे ठेवायची आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची, ही साधी रचना नाशिकबाहेर आणि दुबईपर्यंत पोहोचली.

तरीही वाचता येणे ही अट शिल्लकच राहते. स्वयं-अध्ययनाचे पुस्तक असो वा ग्रंथपेटी, नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या प्रौढाला दोन्ही दूरच असतात. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ पासून राबवला जाणारा केंद्रपुरस्कृत ‘उल्लास’ कार्यक्रम पायाभूत साक्षरता देतो आणि शेवटी तिची चाचणी घेतो, परंतु त्या चाचणीपासून मुक्त विद्यापीठाच्या पहिल्या पुस्तकापर्यंतचे अंतर भरून काढणारे वर्ग वस्त्यावस्त्यांतून चालवणे हे मुख्यतः नगरप्रशासनाचेच काम ठरते. आजीवन शिक्षणाला चालना देणाऱ्या शहरांच्या, युनेस्कोच्या ‘अध्ययन नगरी’ जाळ्यात २०२२ मध्ये वारंगळ, त्रिशूर आणि निलंबूर यांचा समावेश झाला; अशा सदस्यत्वासाठीही पुढाकार शहराच्या प्रशासनानेच घ्यावा लागतो, तर नाशिकमधील आजवरची बहुतेक वाटचाल नागरिकांच्या संस्थांनी आणि राज्याने केलेली आहे.