अळिंबीच्या खोलीस हवा

धिंगरी अळिंबीचें पीक घरांतल्या घरांत निघतें, म्हणून पुष्कळांनीं एखादी पडीक खोली त्या कामीं लाविली आहे. परंतु कोंदट खोली म्हणजे पेवच होय. पेव उघडतांच आंत उतरूं नये, हें जुन्या लोकांस ठाऊक असे. धान्याच्या श्वासानें तेथें कर्बवायु सांचलेला असतो. अळिंबीही तसाच श्वास घेते. तो वायु सांचला म्हणजे देंठ लांबतात व छत्र्या लहान राहतात. प्रस्तुत लेखकाच्या पहिल्या पिकाचें हेंच झालें, आणि दोष मात्र बियाण्यास दिला!

मग खिडकी उघडली, तों दुसरेंच संकट. पक्व छत्र्यांतून बीजुकांची बारीक धूळ उडते. तिच्यामुळें कित्येकांस खोकला व धाप लागते. आमची खिडकी शेजाऱ्यांच्या पडवीसमोर. त्यांच्या वृद्ध मातोश्रींस ठसका जडला व बोलाचाली झाली. चूक आमचीच होती.

आतां खिडकीच्या वरच्या भागांत फळी बसवून तींत हवा बाहेर फेकणारा लहान पंखा घातला आहे, व त्यापासून पत्र्याचें नळकांडें कौलांवर नेलें आहे. रस्त्यावरून पाहणारास विशेष कांहीं दिसत नाहीं. समोरच्या भिंतींत जमिनीलगत झरोका ठेवून त्यास बारीक जाळी व ओलें गोणपाट लाविलें. त्यामुळें माशी येत नाहीं व ८० ते ९० टक्के दमटपणा टिकतो. गोणपाट मात्र वाळूं देऊं नये.

छत्र्यांच्या कडा वर वळण्यापूर्वींच तोडणी करावी, म्हणजे धूळ फारशी उडत नाहीं. आंत जातांना नाकातोंडास दुहेरी फडकें बांधावें.