अवनमधली भांडी आणि लग्नाचा केक

रमजानमध्ये असरची नमाज झाली की घड्याळाचे काटे हलेनासे होतात. अशा वेळी केक-बिस्किटांची स्पर्धा बघत बसणं म्हणजे जिवाशी वैरच. ‘रोजा डोळ्यांचाही असतो,’ असं घरातली मोठी माणसं टोकतात. तरीही ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ सुरू झालं की उठवत नाही.

२०१० मध्ये बीबीसीवर सुरू झालेली ही स्पर्धा. हिरवळीवर पांढरा तंबू, आत ओट्यांच्या रांगा आणि नोकरी-संसार सांभाळून आलेले हौशी स्पर्धक. आपल्याकडच्या रिअॅलिटी शोमधला ढणढणाट इथं नाही. शेजारच्याचा केक कलंडायला लागला, तर दुसरा हातातलं टाकून सावरायला धावतो. विजेत्याला रोख छदामही मिळत नाही. मिळतो तो फुलांचा गुच्छ आणि केक ठेवायचा स्टँड.

तीन फेऱ्यांपैकी मला आवडते ती मधली. सगळ्यांना एकच पदार्थ करायचा असतो, आणि हातात दिलेली कृती मुद्दाम अर्धवट असते. किती वेळ भाजायचं, तेही कधीकधी लिहिलेलं नसतं. तयार पदार्थ टेबलावर ओळीनं मांडतात. कोणता कोणाचा, हे परीक्षकांना ठाऊक नसतं. बनवणाऱ्याचं नाव, रंग, पेहराव काहीच समोर नाही. नुसती चव आणि भाजणी.

२०१५ मध्ये याच तंबूत हिजाब घातलेली नादिया हुसेन उभी राहिली. मूळ घराणं बांगलादेशी, जन्म ल्यूटनचा, तीन मुलांची आई. तिच्या माहेरी अवन होता, पण त्यात आई भांडी ठेवायची! केक भाजायला ती शिकली शाळेत. हे ऐकून आपल्याकडच्या अनेक घरांना ओळखीचं वाटेल. ईदच्या आधी मैदा, तूप, साखर घेऊन बेकरी गाठायची आणि नानखटाई भट्टीत भाजून आणायची, ही आपली रीत. पीठ घरचं, आग बेकरीवाल्याची.

नादियाचा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक. भुवया वर गेल्या की बघणाऱ्याच्या पोटात गोळा. एका आठवड्यात पेस्ट्रीत सारण भरायला तिला वेळच उरला नाही, तेव्हा ती आता घरी जाणार असंच वाटलं होतं. तिच्या डोक्यावरच्या कपड्यावरून टोमणे मारणारेही होतेच. अंतिम भाग ब्रिटनमध्ये सुमारे दीड कोटी लोकांनी पाहिला आणि ती जिंकली. पुढच्याच वर्षी राणी एलिझाबेथच्या नव्वदीचा केकही तिनंच केला.

मला मात्र तो अंतिम फेरीतलाच केक जास्त आवडतो. नादियाचं लग्न बांगलादेशात झालं, तिथं केक कापलाच नव्हता. म्हणून तिनं लिंबाच्या स्वादाचा मजल्यांचा केक रचला, खाली लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांची साडी नेसवली आणि त्यावर स्वतःच्या लग्नातले दागिने चढवले.