जेसीबीचे दात कोण बदलतं?

दोस्ता, एक कोडं घालू? तुझे दुधाचे दात पडले आणि नवे आले. पण आपल्या गावात असं कोण आहे, ज्याचे दात झिजतात, काढून फेकले जातात आणि घडीभरात नवे कोरे दात बसतात? तेही कितीही वेळा!

नाही ओळखलंस? अरे, जेसीबी!

कधी बंद उभ्या असलेल्या जेसीबीची मागची बकेट नीट बघ. तिच्या कडेला एका ओळीत चार-पाच दात दिसतील. ते बकेटीचाच भाग वाटतात ना? नाहीत बरं! प्रत्येक दात आतून पोकळ असतो. पेनावर टोपण बसावं, तसा तो बकेटीला जोडलेल्या एका जाड पोलादी नाकावर बसतो. आडवी पिन ठोकली की घट्ट. पिन काढली की दात हातात!

असं का बरं केलं असेल? कारण माती खरवडताना काहीतरी झिजणारच. मग स्वस्तातला दात झिजू दे, महागडी बकेट वाचू दे! पण आळस केला आणि दात पार फुटेपर्यंत चालवला, तर आतलं नाकच झिजायला लागतं. मग वेल्डिंग आलं, खर्च आला आणि काम बंद पडलं.

आणखी एक गंमत. सगळे दात सारखे झिजत नाहीत! कडेचे दात आधी संपतात, कारण त्यांना समोरचीही माती कापावी लागते आणि बाजूचीही. म्हणून हुशार ऑपरेटर दादा मधूनच दातांची अदलाबदल करतो. कडेचे मध्ये, मधले कडेला. सगळे जवळपास बरोबरीने झिजतात!

आता याहून मोठं आश्चर्य ऐक. नुसते दातच नाही, जेसीबीच्या हातातलं अख्खं अवजारसुद्धा बदलता येतं!

स्वयंपाकघरात आईकडे बघ. पोळी उलटायची तर उलथणं. भजी काढायची तर झारा. वरण वाढायचं तर पळी. हात तोच, पण काम बघून हातातलं अवजार बदलतं. वरण झाऱ्याने वाढून बघ बरं काय होतं!

जेसीबीचंही तसंच. त्याच्या लांब दांड्याच्या टोकाला बकेट दोन जाड पिनांवर लटकलेली असते. पिना काढल्या, बकेट उतरली. तिथे अरुंद बकेट लाव, रुंद लाव, खडक फोडायचा ब्रेकर लाव, नाहीतर खांबासाठी गोल खड्डा पाडणारा भलामोठा गिरमिट लाव. या सगळ्या जोडायच्या अवजारांना अटॅचमेंट म्हणतात.

मग कुठे काय लावायचं, हे कोण ठरवतं? मालक? ऑपरेटर? छे! ठरवते जमीन!

आणि आपल्या वऱ्हाडात जमीन म्हणजे नुसती धमाल आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात जा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर. तिथे काळी माती किती खोल असेल? पुरुषभर? दोन पुरुष? नाही रे! नदीने लाखो वर्षे आणून टाकलेला गाळ तिथे इतका जाड आहे, की जेसीबीने कितीही खोदलं तरी खडक लागत नाही! आणि तिथून उत्तरेला गाविलगडाच्या डोंगराकडे, चिखलदऱ्याकडे गेलं की चित्र उलटं. मातीचा पातळ थर, खाली मुरूम आणि त्याखाली काळाकभिन्न बेसॉल्ट. हा खडक म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वाहत आलेला आणि मग थंड झालेला लाव्हा! दर्यापूर आणि चिखलदरा, एकाच अमरावती जिल्ह्यात ही दोन टोकं. म्हणजे एकाच मशीनला दोन वेगळी अवजारं हवीतच!

आधी काळ्या मातीचं बघू. उन्हाळ्यात तिला केवढ्या भेगा पडतात! आणि पाऊस पडला की तीच माती फुगते, चप्पल धरून ठेवते. का? या मातीचे कण अगदी बारीक, चपटे थर असतात. पाणी त्या थरांच्या मध्ये शिरतं आणि थर दूर सरकतात. माती फुगली! पाणी गेलं की थर पुन्हा जवळ. माती आकसली, भेग पडली!

ही ओली माती अरुंद, खोल बकेटीत अशी काही चिकटून बसते की विचारू नकोस. बकेट उपडी केली तरी निम्मी माती आतच! पुढच्या फेरीत मग तेवढी कमी माती मावते. डिझेल जळतं, काम होत नाही. म्हणून नाल्यातला गाळ काढायला रुंद, उथळ आणि चक्क बिनदातांची बकेट लावतात.

बिनदातांची बकेट आणखी कुठे लागते, सांगू? शेततळ्यात! पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका मोठ्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. तिथल्या जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खणली तरी ते पाणी पिकाला चालेलच असं नाही. म्हणून पावसाचं गोडं पाणी साठवणारं शेततळं तिथे सोन्यासारखं. तळ्याच्या बाजू उभ्या ठेवल्या तर काळी माती ढासळते, म्हणून त्या उतरत्या करतात. आत प्लास्टिकचा कागद अंथरायचा असेल, तर दातांनी पडलेल्या रेघा आणि ढेकळं अजिबात नकोत. कागद फाटेल ना! मग बिनदातांची बकेट उतारावरून हळूच फिरते, आणि अंगण सारवल्यासारखा उतार गुळगुळीत होतो.

मुरूम लागला की उलटा हिशेब. आता दात हवेत आणि बकेट अरुंद हवी. कमी दात म्हणजे मशीनचा सगळा जोर थोड्या जागेवर येतो. पेन्सिलला टोक असलं की ती कागदातून आरपार जाते, बोथट असली की जात नाही, तसंच हे!

मग मोठीच बकेट लावली तर काम लवकर नाही का होणार? हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. पण हात जेवढा लांब, तेवढं टोकाला उचलता येणारं वजन कमी. लांब सी-सॉच्या टोकावर बसलेलं छोटं पोरसुद्धा मधल्या टेकूजवळ बसलेल्या मोठ्याला वर उचलतं ना? मशीनचंही तेच होतं! म्हणून जेसीबीच्या पुढच्या बकेटीत एक घनमीटरच्या आसपास माती मावते, म्हणजे घरातल्या २० लिटरच्या ५० बादल्या. पण मागच्या लांब हाताच्या बकेटीत मावते जेमतेम पाव घनमीटर, म्हणजे बारा-तेरा बादल्या!

एवढा जोर येतो तरी कुठून? तेलातून! मशीनमधला पंप तेलाला दाबतो आणि ते दाबलेलं तेल जाड नळ्यांमधून जाऊन हात हलवतं. घरी करून बघ. सुई नसलेल्या दोन सिरिंज घे, एक छोटी, एक मोठी. मधे पातळ नळी लाव आणि सगळं पाण्याने भर. हवेचा बुडबुडा राहू देऊ नकोस हं! आता छोटीचा दांडा दाब. मोठीचा दांडा हळूहळू, पण केवढ्या ताकदीने वर येतो बघ. दोस्ताला तो बोटाने अडवायला सांग. हरेल!

आता येतो खरा हिरो. रॉक ब्रेकर! बेसॉल्टवर दात चालत नाहीत, तिथे हा येतो. त्याच्या टोकाला एक जाडजूड छिन्नी असते. आत एक पोलादी दट्ट्या असतो आणि डोक्यात कोंडलेला नायट्रोजन वायू. तेल दट्ट्याला वर ढकलतं, वायू दाबला जातो आणि स्प्रिंगसारखा उसळून दट्ट्याला खाली हाणतो. धाड! दट्ट्या छिन्नीवर, छिन्नी दगडावर. असं मिनिटाला काही शे वेळा! धाडधाडधाडधाड!

पण या पैलवानाला एक गोष्ट मुळीच सहन होत नाही. हवेत मारणं! तू बॉलला जोरात लाथ मारायला गेलास आणि बॉलच हुकला, तर पायाला कसा हिसका बसतो? ब्रेकरचंही तसंच. दगड फुटून छिन्नी मोकळी झाली आणि दादाने ठोके थांबवले नाहीत, तर तो सगळा मार ब्रेकरच्या स्वतःच्या अंगावर येतो. आणि दगड फुटतच नसेल तर? अर्ध्या मिनिटात जागा बदलायची. नाहीतर छिन्नीचं टोक इतकं तापतं की पोलाद मऊ पडतं!

छिन्नीला ग्रीस देण्याची रीत तर फारच मजेशीर. ब्रेकर सरळ उभा करायचा, छिन्नी जमिनीवर टेकवून आत दाबायची आणि मगच ग्रीस मारायचं. का बरं? छिन्नी खाली लोंबत असेल, तर ती आणि दट्ट्या यांच्यामध्ये पोकळी राहते. ग्रीस तिथे जाऊन बसतं. मग पहिल्याच ठोक्याला ते दट्ट्याखाली चेंगरतं आणि आतले सील फोडून बाहेर पडू बघतं! ग्रीस दिलं खरं, पण चुकीच्या जागी.

आपल्याकडच्या माती हलवणाऱ्या मशीनचं काम बघायचं असेल, तर अमरावती-अकोला महामार्गावरून जा. रस्त्याच्या भरावाला माती आणि मुरूम लागतो. तो कुठून आणायचा? वऱ्हाडात एक छान युक्ती केली गेली. नाले आणि तळी खोल करायची आणि निघालेली माती महामार्गाला द्यायची. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारातही अशी तळी झाली. रस्त्याला भराव मिळाला, पावसाला जागा मिळाली. एका बकेटीत दोन कामं!

याच महामार्गावर लोणी ते माना या गावांदरम्यान जून २०२२ मध्ये जागतिक विक्रम झाला, माहीत आहे? ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबरीकरण सुरू झालं आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता थांबलं. मध्ये एकदाही खंड नाही! १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची एक लेन! आधीचा विक्रम कतारच्या दोहा शहराजवळ झाला होता, सुमारे २५ किलोमीटरचा. डांबर पसरणाऱ्या मशीनच्या मागे एक जड पाटा असतो, त्याला स्क्रीड म्हणतात. तोही हवा तसा रुंद करता येतो. आणि तो चक्क तापवावा लागतो! थंड पाट्याला गरम डांबर चिकटेल आणि रस्ता ओरबाडल्यासारखा होईल ना!

आता पिनांकडे परत चल. बकेट ज्या पिनांवर हलते, तिथे लोखंडावर लोखंड घासतं. म्हणून रोज काम सुरू करण्याआधी दादा हातात ग्रीसगन घेऊन प्रत्येक सांध्याजवळ जातो. तिथे एक छोटीशी निप्पल असते. आधी ती फडक्याने पुसायची. का? धूळ आत गेली तर ग्रीसच पॉलिश पेपरसारखं घासायला लागेल! मग गन लावून दाबायचं, कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. मागून स्वच्छ नवं ग्रीस डोकावलं, की सांध्याचं पोट भरलं! तेलाच्या नळ्या जोडतानाही हीच शिस्त. मातीचा एक कण तेलात गेला, तर तो पंपापर्यंत फिरून ओरखडे काढत जातो.

बरं, मशीनचं वय कसं मोजतात, सांग बघू? किती किलोमीटर चाललं यावरून? अजिबात नाही! एका जागी उभं राहूनच ते दिवसभर खणतं. म्हणून त्याचं वय तासांत मोजतात. ऑपरेटर दादाच्या समोर एक छोटं घड्याळ असतं, इंजिन चालू असेल तेवढेच तास मोजणारं. तेल कधी बदलायचं, फिल्टर कधी बदलायचं, सगळं त्या तासांवर.

चालू मशीनच्या जवळ मात्र अजिबात जायचं नाही. दादाला मागचं आणि बाजूचं सगळं दिसत नाही आणि हात गर्रकन फिरतो. मशीन बंद असेल, दादा चहा पीत बसला असेल, तेव्हा लांबूनच विचार, "दादा, तुमच्या मशीनचे किती तास झाले?" तो म्हणेल, "काहून रे पोट्ट्या, तुले काय करायचं?" आणि मग सगळं सांगत सुटेल. बकेटीचे दात शेवटचे कधी बदलले, हेही विचारून घे!